साडेचार लाखांचं हॉटेल दीड वर्षात का बंद पडलं?

सुट्टीत मुलांना घेऊन एखाद्या थीम हॉटेलात राहायचा बेत आहे? मग डिस्नेची ही गोष्ट आधी वाचा.

१ मार्च २०२२ रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडात 'गॅलेक्टिक स्टारक्रूझर' सुरू झालं. 'स्टार वॉर्स'मधल्या अवकाशयानासारखं हॉटेल, खोल्या फक्त १००. खिडकीच्या जागी स्क्रीन, त्यावर तारे. पाहुणेच कथेतली पात्रं व्हायचे.

खर्च किती? तीन मोठे आणि एक मूल, दोन रात्रींचे सुमारे ६,००० डॉलर. तेव्हाचे साडेचार लाख रुपये! जेवण आणि थीम पार्कचं तिकीट त्यातच.

राहून आलेल्या अनेकांनी कौतुक केलं. मग अडलं कुठे?

• मुक्काम दोन रात्रींचाच. एक रात्र राहून बघायची सोय नाही.
• स्विमिंग पूल नाही.
• गोष्ट एकदा अनुभवली की पुन्हा तेवढे पैसे कोण घालणार?

सप्टेंबर २०२३ मध्ये हॉटेल बंद झालं. पुढच्या वर्षी यूट्यूबर जेनी निकोल्सनने त्यावर चार तासांचा व्हिडिओ केला आणि तो लाखोंनी पाहिला.

म्हणून बुकिंगआधी एकच प्रश्न विचारा: थीमचं नवल ओसरल्यावर मुलं तिथे दिवसभर काय करतील?