रोजच्या दूरच्या प्रवासासाठी जुनी मोटार

बिऱ्हाड एका गावी आणि नोकरी दुसऱ्या गावी, ही स्थिती आता अनेक कुटुंबांच्या परिचयाची झाली आहे. तळेगावाहून नवी मुंबईस किंवा मेरठहून दिल्लीस द्रुतगती मार्गाने रोज ये-जा करणारे गृहस्थ थोडे नाहीत. अशा गृहस्थाने वापरलेली मोटार घ्यावयाचे ठरविले, तर त्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र गावातल्या गावात फिरावयाच्या मोटारीची कसोटी येथे लावून चालत नाही.

प्रथम हिशेब पाहा. एका बाजूचे अंतर ८० किलोमीटर आणि महिन्याचे कामाचे दिवस २२ धरले, तर मोटार वर्षाकाठी ४२,००० किलोमीटरांहून अधिक धावेल. दर १०,००० किलोमीटरांस सर्व्हिसिंग, म्हणजे ते वर्षातून चार वेळा आले. तेव्हा ज्या मोटारीचे सुटे भाग आपल्या गावी सहज व माफक दरात मिळतात, तीच घ्यावी. दुर्मीळ बनावटीची मोटार स्वस्त मिळाली, तरी पुढे ती महागच पडते.

दुसरी गोष्ट वेगाची. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरांची मर्यादा आहे. या वेगाने मोटार सेकंदाला जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. आणि वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यावर थांबावयास लागणारे अंतर सुमारे चौपट होते. म्हणून रंग, आसनांची आवरणे व गाण्याचे यंत्र यांकडे शेवटी पाहावे; आधी ब्रेक, टायर व सुकाणू पाहावे.

कोणत्या सालची मोटार घ्यावी? चाके जखडू न देणारी ए.बी.एस. ब्रेकव्यवस्था एप्रिल २०१९ पासून आणि पुढील दोन्ही आसनांसाठी एअरबॅग २०२२ च्या आरंभापासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. त्यामागील मोटार पाहत असाल, तर या दोन्ही सोयी तिच्यात आहेत की नाहीत, याची खात्री करून घ्या. एवढ्या लांबच्या नित्य प्रवासास डिझेल मोटार परवडू शकते. शिवाय एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल मोटारींतील काजळी अडविणारी गाळणी लांब धावेत आपोआप स्वच्छ होते; गावातील थांबत-थांबत चालण्यात मात्र ती तुंबते. दिल्ली परिसरातील वाचकांनी जुन्या डिझेल मोटारींविषयीचे तेथील प्रचलित नियम आधी पाहावेत.

मोटार पाहावयास सकाळी जावे आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नये, असे मालकास कळवावे. थंड इंजिनच आपले दोष दाखविते. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. काळा धूर इंधन नीट जळत नसल्याचे. टायरच्या कडेवरील चार आकडे वाचा: '३२२१' म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. मोटार थोडीच धावली, असे मीटर सांगत असेल आणि ब्रेकच्या पायट्याचे रबर मात्र झिजून गुळगुळीत झाले असेल, तर मीटरवर विश्वास ठेवू नये. सर्व्हिसिंगच्या नोंदी मागाव्यात. चेन्नईत २०१५ व २०२३ साली, सांगली-कोल्हापुरात २०१९ साली पूर आले, तेव्हा असंख्य मोटारी पाण्यात राहिल्या. अशा मोटारी दुसऱ्या प्रांतात विक्रीस येऊ शकतात. म्हणून आसनाचा पट्टा टोकापर्यंत ओढून पाहावा आणि गालिच्याखाली हात घालावा. गाळ व कुबट वास सहसा लपत नाहीत.

नंतर मोटार मोकळ्या रस्त्यावर नेऊन मर्यादेत राहून ताशी ८० पर्यंत चालवावी. सुकाणू थरथरू लागले, तर चाकांत दोष आहे. एखादा चढही चढून पाहावा. इंजिन तापते की काय, ते तेथे कळते. ब्रेक लावताच मोटार एका बाजूस ओढत असेल, तर दुरुस्तीवाचून ती घेऊ नये.

कागदपत्रांत नोंदणीपत्रावरील इंजिन व चासीचे क्रमांक मोटारीशी ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा उतरल्याचे आणि दंड थकलेले नसल्याचे 'परिवहन' या सरकारी संकेतस्थळावर तपासावे. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात; विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावे करावयास अर्ज द्यावा. परप्रांतातील मोटार असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचा ना हरकत दाखला लागतो आणि आपल्या राज्याचा रस्ता-कर भरावा लागतो. तो मिळवूनच किंमत स्वस्त की महाग, हे ठरवावे.

शेवटी, जवळची सारी रक्कम खरेदीतच घालू नये. पाचवा हिस्सा तरी टायर, ब्रेक व ऑइल यांसाठी राखून ठेवावा आणि ही कामे रोजचा प्रवास सुरू करण्यापूर्वीच उरकावीत. आणि आपल्या विश्वासातील मेकॅनिकास मोटार दाखवू देण्यास जो मालक कां-कूं करतो, त्याची मोटार कितीही स्वस्त असली तरी त्यास नमस्कार करून परतावे. घरची माणसे संध्याकाळी आपली वाट पाहत असतात. मोटार निवडताना तेवढे स्मरणात असू द्यावे.