पुरावा मेंदूत की संमतीत?

‘मेंदूत दाखवा, मग मानू,’ असे म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ आमच्या लोहाऱ्यातही आढळतात. देह एक लिंग सांगतो आणि मन दुसरे, हे त्यांस ढोंग वाटते. त्यांच्या समाधानार्थ सांगावयाचे तर १९९५ साली ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी असा शोध केला होता. पुरुषदेहाने जन्मून स्त्री म्हणून जगलेल्या सहा व्यक्तींच्या मेंदूतील एक लहानसा भाग इतर स्त्रियांच्या मापाचा निघाला. परंतु सहा मेंदूंवरून सिद्धांत ठरत नाही. शिवाय ते मेंदू मृतांचे होते. जिवंत माणसाने न्यायासाठी मरणाची वाट पाहावी काय?

बरे, पुराव्याने तरी काय साधते? शेजारच्या बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांची नोंद स्त्री म्हणून होती. तपासणीत पुरुषाचे गुणसूत्र आढळले. तरीही २०१७ साली शस्त्रक्रियेसाठी मागितलेली रजा नाकारली गेली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले, आणि सरकारी अनुमतीनंतर २०१८ च्या मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली.

उलट, संदिग्ध अवयवांच्या तान्ह्या बालकांवर केवळ आईबापांच्या संमतीने शस्त्र चालविण्यात येते. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट बजाविले की, आईबापांची संमती ही बालकाची संमती नव्हे. जाणत्यास अडवावे आणि अजाणास कापावे, ही कोणती नीती? शस्त्रक्रियेने अपत्यप्राप्तीची शक्ती जाऊ शकते. म्हणून वैद्याने परिणाम उघड सांगावेत, विचारास अवधी द्यावा. त्यापुढील निर्णय मात्र ज्याचा देह त्याचाच, असे आमचे निश्चित मत आहे.