डॉक्टर फोनवर असला तरी सिस्टर जवळ हवी

"हात न लावता डॉक्टरले काय समजते?" धामणगाव बढेच्या पट्ट्यात मोबाइलवरून डॉक्टरांचा सल्ला घेण्याचा विषय निघाला की म्हातारी माणसं हा सवाल करतात. त्याला अडाणीपणा म्हणून मोडीत काढणं सोपं आहे, पण ते चूक आहे. पोट दाबल्यावर कुठे दुखतं, छातीत घरघर कुठल्या बाजूला आहे, पायावरची सूज बोटाने दाबली तर खळगा पडतो का, या गोष्टी पडद्यावरून कळत नाहीत. वैद्यकशास्त्र शिकवणारा कोणताही प्राध्यापक हेच सांगेल. म्हणून या सवालाला उत्तर द्यायचं तर मुद्द्याने दिलं पाहिजे.

दुसऱ्या टोकाला एक वेगळाच दावा आहे. गावोगावी नेट पोचलं, प्रत्येक घरात स्मार्टफोन आला, आता खेड्यात डॉक्टर नेमायची गरजच उरली नाही, असं परिषदांमध्ये आणि कंपन्यांच्या जाहिरातींमध्ये उजळ माथ्याने सांगितलं जातं. हा दावा म्हाताऱ्यांच्या शंकेपेक्षा कितीतरी घातक आहे. शंकेमुळे फार तर एखादा रुग्ण उशिरा सल्ला घेतो. या दाव्याच्या आडोशाला मात्र रिक्त पदं वर्षानुवर्षं रिक्त ठेवता येतात.

दोन्ही टोकं खोडावी लागतील. आधी ज्या जमिनीवर हा प्रश्न उभा आहे ती पाहू.

धामणगाव बढे हे मोताळा तालुक्यातलं, स्वतःचं पोलीस ठाणं असलेलं गाव. बुलढाणा जिल्ह्याच्या बोलीत सांगायचं तर घाटाखालचं. ताप-खोकल्याला इथे किंवा आसपास कोणीतरी भेटतं, अडचण तज्ज्ञाची. हृदयाचा, त्वचेचा, मनोविकाराचा डॉक्टर हवा तर मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाणा गाठा, नाहीतर मलकापूर, आणि त्याहून पुढचं काही असेल तर अकोला, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगर. बुलढाण्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं तेच मुळी 2024 साली. कापूस वेचणीच्या दिवसांत एक फेरी म्हणजे रुग्णाची मजुरी बुडाली, सोबत आलेल्याचीही बुडाली, वर भाडं. मग रक्तदाबाच्या गोळ्या संपतात, "आता बरं वाटते" म्हणून पुढची फेरी टळते, आणि सहा महिन्यांनी अंगावरून वारं गेलेला माणूस गाडीत घालून न्यावा लागतो. घाटाखाली हा क्रम ज्याने पाहिला नाही असं घर शोधावं लागेल.

ही टळलेली फेरी भरून काढण्यासाठी दूरस्थ सल्ल्याचा उपयोग आहे. केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' सेवा 2019 च्या नोव्हेंबरपासून आरोग्य केंद्रांत आणि कोविडच्या टाळेबंदीत, 13 एप्रिल 2020 पासून, घरबसल्या वापरासाठी सुरू झाली. तिचं सॉफ्टवेअर मोहालीच्या सी-डॅकने केलं आहे. 2023 च्या फेब्रुवारीत देशभरातल्या सल्ल्यांचा आकडा 10 कोटींवर गेला, आणि लाभ घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त स्त्रिया होत्या. हा तपशील नजरेआड करू नये. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या दुखण्यासाठी गाडी निघते. बाईचं दुखणं 'सवडीने पाहू' या खात्यात पडून राहतं. उपकेंद्र चालत जाण्याच्या अंतरावर असलं की तिला कोणाच्या सवडीची वाट पाहावी लागत नाही.

या 10 कोटींपैकी फार मोठा हिस्सा स्वतःच्या मोबाइलवरून लागलेल्या फोनांचा नाही. तो उपकेंद्रात बसून झालेल्या सल्ल्यांचा आहे. तिथे काय होतं ते बारकाईने पाहिलं तर म्हाताऱ्यांच्या सवालाचं निम्मं उत्तर मिळतं. समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे ज्यांना गावात 'सीएचओ मॅडम' किंवा नुसतं 'सिस्टर' म्हणतात, त्या आधी आजीला बाकावर पाच मिनिटं शांत बसवतात. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात, बोटाला टोचून साखर बघतात, वजन घेतात, जुनी चिठ्ठी उलगडून कोणती गोळी चालू आहे ते वाचतात. हे सगळं संगणकात भरल्यावर पलीकडे डॉक्टर येतात. डॉक्टर विचारतात, "पायाला सूज आहे का?" सिस्टर घोट्याच्या वर अंगठा दाबून धरतात आणि सांगतात. म्हणजे हात लागलेला असतो, फक्त तो डॉक्टरांचा नसतो. महाराष्ट्रात या पदावरचे बहुतेक जण आयुर्वेद पदवीधर आहेत आणि त्यांनी वर सहा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण घेतलेलं आहे. त्या हाताला शिक्षण नाही असं कोणी म्हणू नये.

रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, मिरगी, मानसिक आजाराची चालू औषधं यांच्या फेरतपासणीत डॉक्टरांना लागतात ते आकडे, तक्रारी आणि आधीचे कागद. हे तिन्ही उपकेंद्रातून पोचतात. अशा रुग्णाला दर महिन्याला घाट चढायला लावणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

आता कायद्याची भीती. "फोनवर औषध सांगितलं की डॉक्टर तुरुंगात जातो" असं डॉक्टर मंडळीच सांगतात, आणि त्यामागे रत्नागिरीचं एक प्रकरण असतं. बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेनंतर त्रास होऊन पुन्हा दाखल झालेल्या एका स्त्रीवर तिथे डॉक्टर हजर नसताना फोनवरच्या सूचनांनी उपचार होत राहिले, ती दगावली. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. पण या प्रकरणातून काय घ्यायचं? ती बाई रुग्णालयात दाखल होती. तिच्या खाटेजवळ डॉक्टर असणं हे रुग्णालयाचं कर्तव्य होतं. तिथे फोन वापरला गेला तो हजर न राहण्यासाठी. जिथे डॉक्टर नाहीच तिथे तो पोचवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत.

शिवाय 25 मार्च 2020 रोजी केंद्राने टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि बराचसा संभ्रम मिटला. सल्ला देणारा नोंदणीकृत डॉक्टरच हवा आणि त्याचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर हवा. काही औषधं पहिल्या भेटीत फक्त व्हिडिओवर पाहूनच लिहिता येतात, काही केवळ फेरतपासणीत, आणि नशा आणणारी किंवा सवय लावणारी काही औषधं अजिबात लिहिता येत नाहीत. व्हॉट्सअॅपवरचा सल्लाही या चौकटीत बसतो, पण नोंद ठेवावी लागते. यंत्रबुद्धीवर चालणाऱ्या प्रणालीला स्वतःहून रुग्णाला सल्ला देण्याची किंवा औषध लिहिण्याची परवानगी नाही. आज पोरं मोबाइलला लक्षणं विचारून मेडिकलमधून गोळ्या आणतात, त्यांना हे कोणीतरी सांगायला हवं. याच सूचनांतलं आणखी एक कलम सगळ्यात मोलाचं आहे: रुग्ण प्रत्यक्ष यायला तयार असताना त्याला फोनवरच सल्ला घ्यायला लावणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरतं.

या एका कलमाने दुसऱ्या टोकाच्या दाव्याची हवा निघते. पण त्याचं खरं खंडन याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यात झालं.

2024 च्या डिसेंबरपासून 2025 च्या जानेवारीपर्यंत बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांच्या डोक्याला खाज सुटली आणि काही दिवसांत केस हातात येऊ लागले. 18 गावांत पावणेतीनशेच्या वर लोक या त्रासात सापडले. तरुण मुलींनी घराबाहेर पडणं सोडलं, पोरांनी मुंडण करून घेतलं. सुरुवातीला बुरशीचा संशय आला, मग पाण्याचा. पाण्यात नायट्रेट जास्त निघालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं. रक्त, केस, पाणी, माती यांचे नमुने गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशावरच्या उपचारात आयुष्य घातलं, त्यांनी रेशनच्या गव्हापर्यंत माग काढला आणि त्यात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त असल्याचं मांडलं. कॅमेऱ्यासमोर टक्कल दाखवून हे कळलं असतं का? पडद्यावर दिसला असता तो केस गळालेला एक माणूस, आणि चिठ्ठीवर आलं असतं एखादं मलम. शेजारच्या घरातही तेच, पलीकडच्या गावातही तेच, आणि सगळ्यांच्या पिठाच्या डब्यात रेशनचाच गहू, हे पाहायला माणसाला गावात उतरावं लागतं.

साप चावला, फवारणीचं विष अंगात गेलं, बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा तर फोन एकाच कामाचा: 108 लावायचा. 2014 पासून ती रुग्णवाहिका डॉक्टरसह येते. तिथे व्हिडिओ सल्ल्याची रांग लावणं म्हणजे जीव घालवणं.

मग बाजू कोणती घ्यायची? हा लेख बाजू घेतो ती रुग्णाजवळ बसलेल्या शिकलेल्या माणसाची. याला आधार विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतल्या बायांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवलं. फारशा न शिकलेल्या या बाया बाळाचे श्वास मोजायच्या, वजन घ्यायच्या, जंतुसंसर्ग ओळखून घरीच इंजेक्शन द्यायच्या. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. तेव्हा तिथे व्हिडिओ नव्हता, नेट नव्हतं. दूर बसलेल्या डॉक्टरचं ज्ञान जवळच्या हातात उतरवलं होतं, एवढंच. आज त्या हाताजवळ एक पडदाही ठेवता येतो. पडदा आहे आणि हात नाही, अशी व्यवस्था मात्र कुचकामी.

म्हणून आकड्यांच्या मागे लागण्याचा मोह आवरला पाहिजे. आज इतके कॉल झाले पाहिजेत असं लक्ष्य एकट्या सीएचओच्या गळ्यात बांधलं, तर कॉल होतील, रुग्ण तपासले जाणार नाहीत. मोजायचं असेल तर वेगळं मोजा. लिहून दिलेली गोळी त्याच दिवशी उपकेंद्रातून मिळाली का? "मोठ्या दवाखान्यात जा" असं सांगितलेला माणूस खरोखर पोचला का? पुढच्या महिन्यात त्याचा रक्तदाब उतरला का?

मनाच्या आजारांबाबत तर दूरच्या आवाजाचं मोल वेगळंच आहे. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या पश्चिम विदर्भात बुलढाणा येतो. इथे मानसोपचाराच्या दारात दिसणं ही आजही बदनामी समजली जाते. ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेल्या 'टेली-मानस'चा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतो. तिथे नाडी पाहायची नसते, ऐकून घ्यायचं असतं. हा क्रमांक एसटी थांब्यावर, कृषी केंद्रावर, जिनिंगच्या फाटकावर रंगवलेला हवा.

गावाने काय करावं? प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्या बैठकीत चहापाण्यापलीकडे काही होत नसेल तर व्हायला हवं. धामणगाव बढे आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांच्या मंडळींनी येत्या ग्रामसभेत एवढे प्रश्न लेखी मांडावेत: आपल्या उपकेंद्रात सीएचओचं पद भरलेलं आहे का, रक्तदाबाचं यंत्र आणि साखरेच्या पट्ट्या चालू आहेत का, ई-संजीवनीवर तज्ज्ञ कोणत्या वारी मिळतात, आणि पद रिकामं असेल तर ते भरण्याचं पत्र तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कधी जाणार. उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत आणि त्याची प्रत उपकेंद्राच्या भिंतीवर लावावी.