आधी काम, मग रक्कम

"आम्ही काही धर्मादाय संस्था चालवत नाही." कॅन्सरचे उपचार संपवून किंवा मणक्याचं ऑपरेशन करून परतलेल्या माणसाबद्दल एचआरच्या खोलीत हे वाक्य ठरलेलं. पाठोपाठ दुसरं, जरा मायेचं: "तब्येत सांभाळा, चांगलं पॅकेज देतो, सन्मानानं मोकळे व्हा." रात्रपाळी नको, ओझं उचलणं नको, काही महिने अर्धा दिवस, एवढंच मागायला गेलेल्याच्या हाती राजीनाम्याचा मसुदा पडतो. याला व्यवहार म्हणतात. मला तर तो व्यवहार म्हणूनही खोटा वाटतो.

पॅकेजच उलगडून बघा. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, नोटिशीचा पगार. कुठे कुठे भविष्यनिर्वाह निधीसुद्धा बेरजेत धरलेला. यातलं बहुतेक त्याचंच आहे. कायद्याप्रमाणे सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी द्यावीच लागते. अपंगत्वामुळे नोकरी सुटली तर पाच वर्षांची अटही राहत नाही. देणं लागतो तेच औदार्य म्हणून पुढे करायचं आणि बदल्यात 'यापुढे कोणताही दावा नाही' यावर सही घ्यायची, ही तडजोड कसली? शिवाय नोकरीबरोबर कंपनीचा मेडिक्लेम जातो, तोही नेमका आता, तपासण्या चालू असताना.

'कायदा आमच्या बाजूनं आहे' हा पुढचा मुद्दा, आणि तो निम्मा खरा आहे. सततच्या आजारपणामुळे सेवा संपवणं ही २०२५पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत कामगार कपात नव्हती. म्हणून कपातीची भरपाईही नव्हती. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरं पद द्यावं लागतं, असं २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. पण ते सरकारी आस्थापनांपुरतं. ईएसआयचं कवच आजारपणाचा भत्ता चालू असेपर्यंत. खासगी नोकरदार मध्येच लोंबकळतो.

पण न्यायालय या फटीपाशी थांबलेलं नाही. राजस्थानच्या एसटी महामंडळानं नजर अधू झालेल्या चालकांना घरी बसवलं होतं. १९९१च्या आनंद बिहारी निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही कपात नव्हे हे मान्य केलं आणि तरीही बजावलं: निवृत्तीचे लाभ द्या, शिवाय झेपेल असं दुसरं काम द्या. काम नसेलच तर जादा भरपाई, आणि ती मोजायची उरलेल्या सेवेवर. २०हून अधिक वर्षं घालवलेल्याला शिल्लक प्रत्येक वर्षामागे दोन महिन्यांचा पगार. ग्रॅच्युइटी मागची वर्षं मोजते. आजारानं हातची जातात ती पुढची. खासगी कंपन्यांच्या पॅकेजमध्ये या पुढच्या वर्षांना किंमत शून्य असते.

म्हणून माझा आग्रह क्रमाचा आहे. डॉक्टरांनी घातलेल्या मर्यादा कागदावर घ्या, त्यांत बसणारं काम तीन-चार महिने खरोखर करू द्या, आणि तरीही जमलं नाही तरच पैशांवर बोला. सहकाऱ्यांवर भार पडतो? पडतो. नवा माणूस घेऊन तो शिकेपर्यंतही पडतो, तेव्हा कुणी कुरकुरत नाही. दहा माणसांच्या वर्कशॉपात हलकं काम मुळातच नसतं, तिथे रकमेची बोलणी लवकर आली तर मी दोष देणार नाही. ज्याला स्वतःलाच थांबायचंय त्यालाही अडवू नये. पण चारशे माणसांच्या कारखान्यात स्टोअर आहे, गेटवरची नोंद आहे, तपासणीचं टेबल आहे. तिथला व्यवस्थापक 'लाइट ड्युटी नाही' म्हणतो तेव्हा बहुधा त्यानं ती शोधलेलीच नसते.

आनंद बिहारी निकालातल्या आणखी दोन अटी फारशा कुणी सांगत नाही. भरपाई दिल्यावर काम निघालं, तर तिचा प्रमाणशीर भाग परत घेऊन त्याला ते काम देता येतं. आणि पर्यायी काम देऊ केलं असेल, तर काम की पैसे ही निवड कामगाराची, महामंडळाची नव्हे.