वैमानिकाचा परवाना

गोंद्याजवळच्या बिरसीचें एखादें शिकाऊ विमान एकोडीच्या धानाच्या बांध्यांवरून गेलें, कीं आमच्या पुतण्याचा मुलगा अजूनहि भरल्या ताटावरून उठून अंगणांत धांवतो. आतां तो १८ वर्षांचा झाला असून वैमानिक होण्याचा हट्ट धरून बसला आहे, व वडीलकीच्या नात्यानें कौल आम्हांस मागितला आहे.

अमेरिकेंत निव्वळ हौसेखातर उडणारांस ३० तासांच्या शिक्षणावर निराळा परवाना मिळतो. आपल्याकडे खासगी परवान्यास १७ वर्षें वय, दहावीची परीक्षा, ४० तास उड्डाण व दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी लागते. त्यावर वेतन मात्र घेतां येत नाहीं. व्यावसायिक परवान्यास २०० तास आणि पहिल्या वर्गाची, अधिक कडक तपासणी. तासास १०,००० रुपये धरले तरी पहिल्यास ४ लाख, दुसऱ्यास २० लाख. खरा आंकडा याच्याहि बराच वर जातो.

पुतण्या शेत विकावयास निघाला. आम्हीं इतकेंच पुसिलें, "बाळा, मुलाचे डोळे तपासलेस काय?" चष्म्याची फारशी अडचण नाहीं, पण मुलाच्या आईच्या वडिलांस तांबडा-हिरवा रंग निराळा दिसत नसे, आणि हा दोष मुलीकडून नातवांत उतरूं शकतो. माहेरचें वैगुण्य चारचौघांत काढलें म्हणून सूनबाई दोन दिवस आमच्याशीं बोलल्या नाहींत. त्यांचा राग आम्हांस समजतो.

येत्या सोमवारीं मुलास नागपुरास नेणार आहेत. सातबाऱ्याचा उतारा तोंवर आमच्या पेटींत आहे.