आधी ब्रेक, मग टर्बो

सदर : यंत्रांच्या पोटात

दोस्तांनो, या आठवड्याचं पत्र आलंय भोर तालुक्यातल्या आंबवडे गावाहून. पत्रलेखक आठवीत शिकतो. तो लिहितो, "माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, सेकंडहँड टर्बो गाडी घेतली आहे. पोलो जीटी. तो म्हणतो, हिचा कॉम्प्युटर बदलून घेतला की ही आणखी जोरात पळेल. मग तिला चेन्नईला रेसच्या ट्रॅकवर न्यायचं. त्याआधी मांढरदेवीच्या घाटात ट्रायल घ्यायची. टर्बो म्हणजे नक्की काय? आणि ट्रॅकसाठी गाडीत काय काय बदलतात?"

प्रश्न दोन आहेत. पण पत्रात तिसराही एक लपलाय, तो म्हणजे घाटातली ट्रायल. त्याचंही उत्तर देऊ, पण क्रमाने जाऊ या.

इंजिनाची फुंकणी

चुलीत नुसती लाकडं कोंबली तर काय होतं? धूर! आजीने फुंकणी घेऊन जोरात फुंकर मारली की मग जाळ भडकतो. इंजिनाचंही तसंच असतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. जास्त ताकद हवी असेल तर जास्त पेट्रोल जाळायला हवं आणि त्यासाठी आधी जास्त हवा आत घालायला हवी. ही फुंकणी म्हणजेच टर्बो.

गंमत म्हणजे ही फुंकणी चालते धुरावर! एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन छोटे पंखे असतात. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर पहिला पंखा फिरवतो, दांडा फिरतो आणि दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. जो धूर वायाच जाणार होता, त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं. हे पंखे मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतात, बरं का! या कल्पनेचं पेटंट आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली घेतलं होतं.

फरक किती पडतो? दादाची गाडी आपल्या पुणे जिल्ह्यातच, चाकणला तयार झालेली. तिथल्या कारखान्यातून साधी पोलो निघायची १.२ लिटर इंजिनाची, ७५ अश्वशक्तीची. २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटीचं पेट्रोल इंजिनही १.२ लिटरचंच, पण टर्बोमुळे ताकद १०५ अश्वशक्ती.

कॉम्प्युटर बदलला की काय होतं?

टर्बोने किती हवा दाबायची, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. त्यातले आकडे बदलणं म्हणजे 'रिमॅप'. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. हे खरंच होतं. दादा खोटं बोलत नाही.

पण कंपनीच्या इंजिनिअर मंडळींनी ते आकडे जरा हात राखून ठेवलेले असतात. पेट्रोल हलकं मिळालं, मे महिन्यात ऊन तापलं, गाडी दहा वर्षांची झाली, तरी इंजिन टिकावं म्हणून. ती जणू घरात अडीअडचणीसाठी ठेवलेली शिल्लक. रिमॅप करताना आपण तीच शिल्लक खर्च करतो.

आणि ती खर्च होते उष्णतेच्या रूपात. हवा दाबली की तापते. फार तापलेली हवा आणि पेट्रोल ठिणगी पडल्यावर वेडंवाकडं पेटतं, इंजिनात ठोके बसायला लागतात आणि पिस्टनसुद्धा फुटू शकतो. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये हवा गार करणारी जाळी असते. तिला म्हणतात इंटरकूलर.

रस्त्यावर आपण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतो तो चार-पाच सेकंद, ओव्हरटेक करताना. ट्रॅकवर मात्र पंधरा-वीस मिनिटं सलग 'पळव आणि दाब ब्रेक' असा खेळ चालतो. म्हणून ट्रॅकसाठी गाडी तयार करणारे जाणकार पहिला प्रश्न 'ताकद किती?' असा विचारत नाहीत. ते विचारतात, 'उष्णता जाणार कुठे?'

एका ब्रेकात दीड लिटर पाणी

चला, गणित करू. चालकासकट गाडीचं वजन १२०० किलो धरा. ती ताशी १०० किलोमीटर वेगाने चाललीय आणि ब्रेक दाबून थांबवली. गाडीतली सगळी गतिज ऊर्जा गेली कुठे? ब्रेकमध्ये, उष्णता होऊन. ही उष्णता किती? साधारण दीड लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी! आणि वेग दुप्पट झाला की ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. ट्रॅकच्या एका फेरीत असे ब्रेक कितीतरी वेळा लागतात. पाणी उकळतच राहतं म्हणा ना!

आता ब्रेक ऑइलचं ऐका. पेडल दाबल्यावर आपल्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचवतं ते ब्रेक ऑइल. नव्या 'डॉट-४' ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. भोरकडचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा! ओलावा मुरला की तोच बिंदू १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. मग तापलेल्या ब्रेकमध्ये ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणजे पेडल थेट तळाला जातं आणि गाडी काही थांबत नाही.

म्हणून ट्रॅकच्या तयारीतला पहिला खर्च इंजिनावर नाही. नवं ब्रेक ऑइल आणि जास्त उष्णता सोसणारे ब्रेक पॅड, यांच्यावर.

झुलता पूल आणि शॉकअप

आंबवडेकरांनो, तुमच्या गावात भोर संस्थानच्या काळातला झुलता पूल आहे. अशा पुलावरून चार जण एका तालात चालले की पूल हलायला लागतो आणि लगेच थांबत नाही. गाडीची स्प्रिंगही अशीच. खड्ड्यात दबली की वरखाली होत राहते. तिला शांत करतो शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजवाल्या काकांचा 'शॉकअप'. ट्रॅकसाठी जरा कडक स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप बसवतात, म्हणजे वळणावर गाडी कमी कलंडते आणि चारही टायर जमीन धरून ठेवतात.

कारखानेसुद्धा हीच वाट धरतात. पुणे जिल्ह्यातल्याच रांजणगावला २०१५ मध्ये फियाटने अबार्थ पुंटो ही १४५ अश्वशक्तीची टर्बो गाडी आणली. तिला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते आणि उंची साध्या पुंटोपेक्षा कमी केली होती. ताकद एकटी वाढवत नाहीत, तिच्या जोडीला लगामही देतात.

जाण्याआधीची यादी

• इंजिन ऑइल नवं, रेडिएटरचं पाणी पुरेसं.
• टायर बिनचिरांचे. हवेचा दाब थंडपणी मोजायचा आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा मोजायचा, कारण टायर तापला की आतला दाब वाढतो.
• चाकांचे नट टॉर्कपान्याने तपासलेले.
• डिकी रिकामी. स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, सगळं बाहेर. ब्रेक दाबताना बाटली घरंगळून पेडलखाली गेली तर?
• टोचनचा हुक बसवलेला, डोक्याला हेल्मेट, पट्टा घट्ट.
• शेवटची फेरी सावकाश. थांबल्यावर हँडब्रेक लगेच ओढायचा नाही, कारण तापलेले पॅड डिस्कला चिकटू शकतात. इंजिनही लगेच बंद करायचं नाही. टर्बोच्या दांड्याला वंगण देणारं ऑइल फिरत राहायला हवं, नाहीतर ते आतच करपतं.

आणि एक. पुण्याहून चेन्नई हजार किलोमीटरहून दूर. शर्यतीची गाडी ट्रकवर चढवून नेतात. दादाला मात्र त्याच गाडीतून घरी परतायचंय!

घाट का नको?

आता तो लपलेला प्रश्न. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, सुमारे पावणेचार किलोमीटरचा. दिल्लीजवळ ग्रेटर नॉयडाला बुद्ध सर्किट आहे, जिथे २०११ मध्ये फॉर्म्युला वनची शर्यत झाली. तिथे सगळे एकाच दिशेने जातात. गाडी घसरली तर थांबायला बाजूला मोकळी जागा असते. पुढे काही घडलं तर पिवळा झेंडा दिसतो, सगळ्यांना थांबवायचं असेल तर लाल. डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स तयार उभे असतात.

घाटात पिवळा झेंडा कोण दाखवणार? वळणापलीकडून एसटी येते, उसाचा ट्रॅक्टर येतो, काळूबाईच्या दर्शनाला निघालेली माणसं कडेने चालत असतात. ब्रेकचं म्हणाल, तर १२०० किलोची गाडी शंभर मीटर खाली उतरली की जवळजवळ पावणेचार लिटर पाणी उकळवण्याइतकी ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. म्हणून जाणते ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. म्हणजे बरंचसं काम इंजिन करतं आणि ब्रेक गार राहतात.

तेव्हा दादाला म्हणावं, "दादा, ट्रायल ट्रॅकवरच घे. पहिल्या खेपेला कॉम्प्युटर आहे तसाच राहू दे. नवं ब्रेक ऑइल भर, पॅड बदल आणि शिकवणाऱ्याला शेजारी बसव." गाडीच्या ताकदीपेक्षा चालवणाऱ्याचं शिकणंच फेरीची वेळ आधी कमी करतं, आणि ते फुटतही नाही.

आईबाबांसाठी दोन ओळी

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. घरातल्या तरुणाला वेगाची आवड असेल तर नुसतं 'नको' म्हणू नका, योग्य जागा दाखवा. कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे. सुरुवातीला तो पुरेसा आहे.

करून पाहा

सायकलचा पंप घ्या. नळीचं तोंड अंगठ्याने दाबून धरा आणि वीस-पंचवीस वेळा जोरात पंप मारा. आता पंपाच्या खालच्या टोकाला हात लावा. गरम लागला ना? हवा दाबली की ती तापते. इंटरकूलर का लागतो, ते तुमच्या हाताला कळलं!

पुढच्या आठवड्यात : एसटी थांबताना 'फिस्स' आवाज कशाचा येतो?