घराला कुलूप, कराला नाही

वसईच्या आळ्याआळ्यांतून आज कितीतरी घरे वर्षातले अकरा महिने बंद असतात. त्यांचे मालक कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड वा आखातात स्थिरावले आहेत. अनेकांनी तिकडचे नागरिकत्वही स्वीकारले आहे. परदेशी जाणे हे पाप नव्हे आणि पासपोर्ट बदलणे हाही अपराध नव्हे. आमचा वाद आहे तो एका समजुतीशी. "आम्ही येथे राहत नाही, येथील काही वापरत नाही; मग येथील कराशी आमचा काय संबंध?" असा प्रश्न मोठ्या निरागसपणे विचारला जातो. हा प्रश्न कायद्याला धरून नाही आणि धर्माला तर मुळीच नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मालमत्तेवरील कर मालकाच्या पासपोर्टाकडे पाहून लागत नाही; मालमत्ता जेथे उभी आहे, तेथे तो लागतो. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. तिचा रस्ता, तिचे गटार आणि तिचा दिवा बंद घराच्या दारावरूनही जातो. दाराला कुलूप लावले म्हणून मालमत्ता कर आपोआप सुटत नाही. घर भाड्याने दिले असेल, तर त्या भाड्यावर भारतात आयकर लागतो, मालक कोठेही राहत असो. कायदा येथे अगदीच निष्ठुर नाही. भरलेला मालमत्ता कर भाड्यातून वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर आणखी ३० टक्के वजावट मिळते. दुबईत पगारावर कर नाही, हे खरे. पण म्हणून वसईचे भाडे करमुक्त होत नाही. कॅनडा वा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्याने तर जगभरातील उत्पन्न तेथेही दाखवायचे असते. येथे भरलेल्या कराचे श्रेय त्याला दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार तेथे मागता येते. तेव्हा "आम्ही तिकडे भरतो" ही सबबही टिकत नाही.

परंतु आम्हांस अधिक चिंता आहे ती मागे राहिलेल्यांची. थोरला भाऊ परदेशी, धाकटा गावी. घर थोरल्याचे, भाडे रोख आणि पावती धाकट्याच्या नावाने. व्यवहार सोपा दिसतो. पण उद्या विचारणा झाली, तर आयकर कचेरीची पायरी कोण चढणार? ज्याने आईवडिलांची शुश्रूषा केली, मर्तिके उरकली, कौले शाकारली, त्याच्याच गळ्यात हे लोढणे अडकवायचे, याला बंधुप्रेम म्हणावे काय?

विक्रीच्या वेळी हा अन्याय अधिक उघडा पडतो. भारतात राहणारा मालक ५० लाख वा त्याहून अधिक किमतीचे घर विकतो, तेव्हा घेणाऱ्याने १ टक्का कर कापून सरकारजमा करायचा असतो. मालक अनिवासी असेल, तर हा नियम लागू नाही. तेथे भांडवली नफ्याच्या दराने कपात करावी लागते. समजा, घर ८० लाखांना विकले आणि नफा ३० लाखांचा झाला. १२.५ टक्क्यांनी नफ्यावरील कर पावणेचार लाख आणि वर उपकर. आयकर खात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आधी घेतले, तर कपात त्या प्रमाणात होते. न घेतल्यास बहुधा पूर्ण किमतीवर, म्हणजे १० लाखांहून अधिक रक्कम कापली जाते. हा खटाटोप टाळण्यासाठी "एक टक्काच कापा, आम्ही भारतीयच आहोत" असे सांगणारे विक्रेते आहेत. विक्रेता विमानात बसून निघून जातो. न कापलेल्या कराची आणि व्याजाची जबाबदारी मात्र घेणाऱ्यावर येते. हा घेणारा अनेकदा आपल्याच धर्मग्रामातील, कर्ज काढून पहिले घर घेणारा तरुण असतो. दस्तऐवजात किंमत कमी दाखवून उरलेली रोख घेणाराही त्यालाच बुडवतो. कारण पुढे त्याने ते घर विकले, की कागदावरची तीच कमी किंमत त्याची खरेदी किंमत धरली जाते आणि आजच्या मालकाच्या नफ्याचा कर त्याच्या माथी बसतो.

यावर काही जण म्हणतात, "आम्ही चर्चला देणगी देतो." त्यांनी जक्कयाचे स्मरण करावे. त्याने अर्धी संपत्ती गोरगरिबांना देऊ केली. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. ज्यांना लुबाडले, त्यांना चौपट परत करण्याचे त्याने कबूल केले. दान वेगळे, देणे वेगळे. देणे बुडवून केलेल्या दानाची संगमरवरी पाटी देवळात लावणे आम्हांस शोभत नाही. न्याय्य कर चुकविणाऱ्यांचा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच निषेध केला, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने कर भरणे हे नैतिक कर्तव्य ठरविले.

याचा अर्थ सरकारचा प्रत्येक नियम न्याय्य आहे, असा नव्हे. २३ जुलै २०२४ पासून जमीन आणि घरांवरील दीर्घकालीन नफ्याचा दर १२.५ टक्के झाला आणि महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची सवलत गेली. लोकांनी ओरड केली, तेव्हा त्या तारखेपूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी जुन्या पद्धतीचा पर्याय ऑगस्टमध्ये परत देण्यात आला. पण तो केवळ निवासी करदात्यांना. एकाच बापाची जमीन दोन भावांनी विकली, तर गावातल्याला पर्याय आणि परदेशातल्याला नाही, हा भेदभाव आम्हांस मान्य नाही. मात्र जी सवलत परत मिळाली, ती उघडपणे बोलल्यामुळे मिळाली, खोट्या दस्तांमुळे नव्हे. परदेशस्थ बांधवांनी आपल्या संघटनांमार्फत अर्थमंत्रालयाकडे आणि खासदारांकडे हीच मागणी लावून धरावी. आमचा त्यास पाठिंबा राहील.

तोवर देणे थांबत नाही. पुढच्या सुट्टीत गावी येणाऱ्या प्रत्येक मालकाने घराची थकलेली घरपट्टी भरावी, भाडे स्वतःच्या नावाने एनआरओ खात्यात घ्यावे आणि विक्री करायची झाल्यास आपण अनिवासी आहोत हे घेणाऱ्यास पहिल्याच भेटीत सांगावे. भावाच्या नावावर काही लपविले असेल, तर पापनिवेदनास येण्यापूर्वी त्याची निरवानिरव करावी. क्षमा आम्ही प्रभूच्या नावाने देऊ. भावाचे ओझे मात्र ज्याने लादले, त्यानेच उतरविले पाहिजे.